रोजच्या वापराला गुलाबाचं परफ्यूम : नागपूरच्या उन्हात तीन आठवडे लावून पाहिलं

आंबियाबहार
१२ मे, रात्री ९.४०

गेले तीन आठवडे मी एकच परफ्यूम लावते आहे आणि त्याची मोठी बाटली घ्यावी की नाही, हे काही ठरत नाही. म्हणून इथे विचारते. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मॉलमधल्या नेहमीच्या डिझायनर बाटल्या आणि किंमत ऐकून हात मागे घ्यावा अशा नीश, म्हणजे छोट्या खास ब्रँडच्या बाटल्या, यांच्या मधल्या पायरीवरचं हे आहे. हल्ली अशा वस्तूंना लाइट लक्झरी म्हणतात. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा त्याच्याच मागे जाते आणि वासाबद्दल बोलायचं राहून जातं. ओ द पर्फां आहे, म्हणजे जरा दाट प्रकारातलं. सुरुवातीला लीची आणि बर्गमोट हे लिंबाच्या जातीचं फळ, मध्ये गुलाब आणि पिओनीचं फूल, तळाला पांढरं मस्क, म्हणजे कस्तुरीच्या वळणाचा रचलेला वास, आणि सिडारचं लाकूड.

गुलाबच का? नागपुरातल्या महाल भागात माझ्या आजीच्या घरी मागच्या अंगणात गावठी गुलाबाचं एक झाड होतं. फुलं लहान, फिकट गुलाबी, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. आजी पहाटेच तोडायची आणि साखरेचे थर देत गुलकंदाची बरणी गच्चीवर उन्हात ठेवायची. त्या फुलांना सकाळी सात वाजता जो वास असायचा, गार, किंचित हिरवा, अजिबात गोडमिट्ट नसलेला, तो मला कुठल्याच बाटलीत सापडला नव्हता. गुलाब म्हणून जे हातात यायचं ते एकतर लग्नाच्या मांडवातलं गुलाबपाणी असायचं, नाहीतर उदबत्ती. हे परफ्यूम त्या सकाळच्या गुलाबाच्या जवळ जातं. पण सगळा वेळ नाही, आणि माझी अडचण तिथेच आहे.

दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घेतला तेव्हा मला फक्त लीची जाणवली. विकणाऱ्या मुलीने मनगटावर फवारलं आणि मी ते तसंच घेऊन बाहेर पडले. अर्ध्या तासाने बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, रिक्षाची वाट पाहताना एकदम गुलाब आला. परत जाऊन दोन मिलीचं सँपल घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक.

माझा रोजचा प्रवास सुभाषनगरहून मेट्रो, बर्डीला गाडी बदलून कस्तुरचंद पार्क, तिथून सिव्हिल लाइन्समधलं ऑफिस. वहीत टिपलेलं सांगते.

पारा ४४ वर होता त्या दिवशी पावणेनऊला दोन फवारे, एक गळ्याखाली, एक मनगटावर. स्टेशनच्या पायऱ्या चढेपर्यंत लीची अगदी जोरात. बर्डीला पोचले तोवर ती गेली होती. साडेनऊ ते साधारण साडेअकरा हा या परफ्यूमचा सगळ्यात सुंदर वेळ, हाच तो आजीचा गुलाब. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र धुतलेल्या, वाळलेल्या सुती कपड्यासारखं काहीतरी उरलं. चारला वाटलं, संपलं. आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या ताई फाइल घ्यायला वाकल्या आणि म्हणाल्या, गुलाबाचा वास कुठून येतोय गं?

रविवारी घरी, कूलरच्या खोलीत, तेच दोन फवारे नकोसे झाले. खोलीत ओल, दारं लोटलेली, आणि लीची तासभर हलेना. संध्याकाळपर्यंत वास होता.

सुती ओढणीवर लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं, पण ओढणीवर गुलाब जवळजवळ उमलतच नाही, मस्कच जास्त.

तर प्रश्न असा की ज्याचा आवडता भाग दोन तासांचा आहे, ते रोजच्या वापराचं म्हणायचं का? दुसरं, चार वाजता मला येत नाही आणि शेजारणीला येतो, तर खरं कोणाचं धरायचं? आणि उन्हाळ्यात जोखलेलं पावसाळ्यात उपयोगी पडतं का?


काटोलरोड
१२ मे, रात्री १०.१५

शेजारणीचं धरा, ताई. आपलं नाक सतत येणाऱ्या वासाची नोंद थोड्या वेळाने बंद करतं. गळ्याखाली लावलं असेल तर लवकरच, कारण नाक तिथून वीतभरच लांब. त्यात पांढऱ्या मस्कचे रेणू मोठे आणि जड असतात, आणि त्यातल्या काहींचा वास काही जणांना मुळातच येत नाही. एकाला येतं, दुसऱ्याला कोरं लागतं. म्हणून तुमची वही एकट्या तुमच्या नाकावर चालवू नका. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या तासाला दुसऱ्या कोणाला तरी विचारा, आणि विचारताना काय लावलंय ते सांगू नका.

मी स्वतः हीच चूक करत आले. येत नाही म्हणून दुपारी पुन्हा दोन फवारे मारायचे. एकदा बहिणीने लिफ्टमध्ये हात धरून सांगितलं की पुरे.


पाकळीपाकळी
१३ मे, सकाळी ७.०५

आंबियाबहार, तुमची टिपणं वाचून आनंद झाला. बहुतेक लोक पट्टी हुंगतात आणि बाटली घेऊन येतात. तुम्हाला जे जाणवलं त्यामागची कारणं सांगते, म्हणजे निर्णय घ्यायला सोपं जाईल.

आधी लीची. ती उगाच घातलेली नसते. गुलाबाच्या तेलात रोझ ऑक्साइड नावाचा एक घटक अगदी थोडा असतो, आणि लीचीच्या वासाचा कणाही तोच आहे. म्हणजे परफ्यूम बनवणारा गुलाबाच्याच एका कोपऱ्यावर दिवा लावतो, आणि आपल्याला तिथे फळ दिसतं. क्लोएचं २००८ सालचं ओ द पर्फां, डिप्टीकचं २०१२ सालचं ओ रोझ, या दोन्हींत लीची आहे. गुलाब जुनाट वाटू नये, पाणीदार वाटावा, यासाठी ही वाट फार वापरली जाते. पिओनीचं मात्र उलटं आहे. त्या फुलातून अत्तराच्या कामाचं तेल काढलं जात नाही, बाटलीवर पिओनी लिहिलं की तो वास रचलेला असतो.

आता तुमच्या आजीचा गुलाब. सुगंधासाठी जगभर मुख्यतः दोन गुलाब लावतात. एक दमिश्की, म्हणजे रोझा दमास्केना. तो बल्गेरियातल्या कझानलाकच्या खोऱ्यात, तुर्कस्तानात इस्पार्ताला, आणि आपल्याकडे कनौजच्या आसपास, हसायनला, पुष्करला होतो. दुसरा सेंटिफोलिया, फ्रान्समधल्या ग्रासचा, जो मे महिन्यात फुलतो म्हणून त्याला मे-गुलाबच म्हणतात. गुलकंदाला आपल्याकडे दमिश्कीच्याच जातीची फुलं जास्त वापरतात, तेव्हा आजीचं झाड त्याच घरातलं असेल असं मला वाटतं. आजी पहाटे तोडायची ते अगदी बरोबर. ऊन चढलं की फुलातलं तेल उडत जातं, बल्गेरियातही तोडणी भल्या सकाळीच उरकतात. एक किलो तेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात.

आणि हे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. ताज्या पाकळीचा जो मऊ, गार वास असतो, त्यात फिनाइल इथाइल अल्कोहोलचा वाटा मोठा. ते पाण्यात विरघळतं. त्यामुळे वाफेवर तेल काढलं की ते बरंचसं गुलाबपाण्यात राहून जातं आणि तेलात थोडंच येतं. द्रावकाने काढलेल्या अर्कात, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूटमध्ये मात्र ते भरपूर असतं, म्हणून अ‍ॅब्सोल्यूट मधाळ आणि भरीव, तर वाफेचं तेल जरा तिखट, लिंबट. परफ्यूममध्ये दोन्हींची सांगड घालून वर सुटे घटक बसवावे लागतात.

ओढणीवर गुलाब उमलला नाही, कारण कापड त्वचेइतकं गरम नसतं. सुरुवातीचे हलके रेणू तिथून हळूहळू सुटतात, आणि दुसऱ्या दिवशी धाग्यात उरतं ते जड मस्क. ४४ अंशांना त्वचेवर उलटं होतं, सगळंच घाईने उडतं. कूलरच्या खोलीत हवा ओली आणि कोंडलेली, तिथे वास नाकाला जास्त भिडतो. तेव्हा तुम्ही एका नागपुरी उन्हाळ्यात दोन हवामानं पाहिली आहेत. पावसाळा त्या कूलरच्या रविवारच्या जवळचा निघेल असा माझा अंदाज.

दोन तासांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या वापराचं परफ्यूम चौथ्या तासावर जोखायचं. पहिली पंधरा मिनिटं दुकानासाठी रचलेली असतात. आवडता भाग दोन तासांचा असला तरी चालेल, पण त्यानंतर जे उरतं ते तुम्हाला दिवसभर अंगावर चालणार आहे का, हे विचारा. धुतलेल्या सुती कपड्यासारखं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाईट नाही हो.


धारणीवाला
१३ मे, दुपारी १.३०

ताई, मी मूळचा मेळघाटातल्या धारणीकडचा, आता नागपुरात मानेवाड्याले राहतो. तुमचा धागा वाचून मले रोशा गवत आठवलं, म्हणून लिहून राहिलो.

आमच्या इकडे डोंगरात हे गवत आपोआप होते. फुलोऱ्यावर आलं का पानं चुरगाळून पाहा, गुलाबासारखा वास येते, वरून जरासा गवताचा झणका. लहानपणी मी भट्टी पाहिली आहे. मोठा हंडा, त्यात खालून पाणी, वर गवत दाबून भरलेलं, झाकण मातीनं लिंपलेलं, आन् नळी नाल्याच्या गार पाण्यातून काढलेली. टोकाले थेंब थेंब तेल. यालेच पामारोझा म्हणतात. जेरॅनिऑल नावाची जी चीज गुलाबात राहते, ते या तेलात पाऊण हिश्शापेक्षा जास्त असते.

जुन्या काळी निमाडातलं हे तेल मुंबईहून जहाजानं लाल समुद्राच्या बंदरांवर जायचं, तिथून इस्तंबूलले, आन् पुढं बल्गेरियातल्या गुलाबाच्या तेलात मिसळल्या जायचं. युरोपात त्याले टर्किश जेरॅनियम म्हणत, तुर्कस्तानात त्याचं एक झाड नसताना. आमच्या डोंगरातलं गवत गुलाबाच्या नावानं विकलं गेलं, याचं मले आजही वाईट वाटते.

सांगायचा मुद्दा हा का तुमाले जो हिरवा वास आवडते, तो पाकळीचाच असंन असं नाही. तो अशाच एखाद्या पानाचा, गवताचा असू शकते. रोशाचं तेल कुठं भेटलं तर एक थेंब कागदावर टाकून शेजारी तुमचं सँपल ठेवा. नाकाले फरक लगेच समजते.


आंबियाबहार
१३ मे, रात्री ८.५०

धारणीवाले दादा, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. रोशाचं तेल शोधते. पाकळीपाकळी, तुमचा चौथा तास मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. उद्यापासून आईलाही वास घ्यायला लावते, तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे.


अत्तरदाणी
१३ मे, रात्री ११.२०

एवढ्या पैशात तुम्हाला रूह गुलाब मिळेल ना! कनौजचं, देग-भपक्याचं. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, बांबूच्या नळीने वाफ भपक्यात. भपक्यात चंदनाचं तेल असलं की ते गुलाबाचं अत्तर, आणि तळाला चंदन न घेता फुलाचंच निघालं की रूह. एक थेंब कानामागे, दिवसभर पुरतो. अल्कोहोल नाही, त्यामुळे ४४ अंशांत भुर्रकन उडतही नाही. ताजबागेत दर्ग्याबाहेर उभं राहून बघा, एका बाजूला गुलाबाच्या चादरी, दुसऱ्या बाजूला अत्तराच्या कुप्या. नागपूरच्या माणसाला गुलाबासाठी फ्रान्सकडे बघायची गरज नाही.

एक धोका मात्र सांगतो. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ अत्तरांच्या तळाशी लिक्विड पॅराफिन असतं. स्वस्तात गुलाबाचं अत्तर म्हणून मिळतं ते बहुधा असंच. मी एकदा हौसेने मोठी कुपी आणली, तिचा कुर्त्यावर तेलकट डाग पडला आणि वास दुसऱ्या दिवशी मेणबत्तीसारखा. तेव्हापासून आधी थेंबभर हातावर घेतो, घरी येतो, झोपतो, सकाळी हुंगतो आणि मग ठरवतो.


पाकळीपाकळी
१४ मे, सकाळी ६.५०

अत्तरदाणी, रूह गुलाबाबद्दल शंभर टक्के सहमत, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण खरं रूह या किमतीत कुपीभर मिळणार नाही, फार तर थोडंसं. आणि ऑफिसच्या वासाचा प्रश्न वेगळा आहे. अत्तर अंगाशी राहतं हे खरं, पण आंबियाबहारना हवा तो पाणीदारपणा चंदनावर बसलेल्या गुलाबात येत नाही. तो गुलाब संध्याकाळचा आहे. जशी २०१० सालची पोर्ट्रेट ऑफ अ लेडी नावाची परफ्यूमची बाटली, गुलाबावर पॅचुलीच्या पानांचा मातकट वास आणि धूप. भव्य आहे, पण सकाळच्या मेट्रोत ती मी कधी लावणार नाही.


सायलीची_वेल
१४ मे, सकाळी १०.१०

मेट्रोचा विषय निघाला म्हणून लिहिते. मला अर्धशिशी आहे. डब्याची दारं बंद होतात, एसी चालू असतो, आणि शेजारी कोणी नुकतंच परफ्यूम मारून आलेलं असलं की बर्डी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे चमकायला लागतं. एकदा मी मध्येच उतरून फलाटावर बसले, त्या दिवशी ऑफिसला अर्धी रजा टाकावी लागली. गुलाबाचा वास मला आवडतो. त्रास होतो तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या तीव्र लाटेचा, त्यातही गोड फळांच्या. रोजच्या वापराचं परफ्यूम जोखताना ते लावणाऱ्याला किती वेळ पुरतं हे तुम्ही सगळे बघताय. शेजारी बसणाऱ्याला पहिल्या पाव तासात काय पोचतं तेही वहीत लिहा, एवढीच विनंती.


काटोलरोड
१४ मे, दुपारी २.००

सायली, बरं झालं लिहिलंस.

आंबियाबहारताई, दोन व्यवहाराच्या गोष्टी. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे ५० मिलीच्या बाटलीत पाचशेच्या आसपास फवारे. समजा बाटली ९,००० रुपयांची आहे, तर एक फवारा १८ रुपयांना पडला. रोज दोन म्हणजे ३६. मोगऱ्याच्या गजऱ्याशी तुलना करून पाहा, फार महाग नाही. पण याच हिशेबाने ती बाटली आठ महिन्यांवर जाते, आणि त्यात एक अख्खा नागपुरी उन्हाळा येऊ शकतो. उष्णता आणि उजेड, दोन्हींनी परफ्यूम बिघडतं. वरची बर्गमोटसारखी नाजूक टोकं आधी जातात. गाडीच्या डिक्कीत कधीच ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी असते. बाथरूममध्ये नको, खिडकीशी नको. कपाटात, खोक्यासकट.

दुसरं, त्वचा. गुलाब म्हटला की जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनॅलूल आलेच. ही नावं युरोपच्या नियमाने खोक्यावर छापावी लागतात, कारण काहींना त्यांची अ‍ॅलर्जी असते. घामोळ्यांच्या दिवसांत गळ्यावर लावण्यापेक्षा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, वास जास्त टिकतो. तुमचे दोन तासांचे अडीच झाले तर मला कळवा.


आंबियाबहार
२ जून, रात्री ९.१५

थोडं कळवते. मॉइश्चरायझरवर लावल्याने गुलाबाची वेळ खरोखर वाढली, पावणेबारापर्यंत असतो. गळ्याखाली लावणं सोडलं, आता कोपराच्या आत एक आणि परकराच्या नेफ्याशी एक. घामोळ्याचा त्रास झाला नाही.

आईला काहीच न सांगता तीन दिवस हात पुढे केला. पहिल्या तासाला म्हणाली, काहीतरी गोड सरबत सांडलंय तुझ्या हातावर. रविवारी चौथ्या तासाला तिने हात नाकाशी बराच वेळ धरून ठेवलं आणि म्हणाली, हे चांगलं आहे, हे ठेव. सातव्याला तिला काही आलं नाही.

रोशाचं तेल इतवारीत एका जडीबुटीच्या दुकानात मिळालं. दादा, तुमचं बरोबर निघालं. माझ्या हिरव्या वासातला निम्मा तरी त्या झणक्याच्या भावकीतला आहे. पण दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्यावर उरलेला निम्मा काय आहे तेही कळलं. तो मऊ आहे, गार आहे, आणि तो गवतात नाही.


आंबियाबहार
४ जुलै, रात्री १०.०५

पाऊस लागून दोन आठवडे झाले. पाकळीपाकळी, तुमचा अंदाज अगदी खरा ठरला. दमट हवेत हे परफ्यूम सहा तास सहज राहतं, पण लीची जायचं नाव घेत नाही. दोन फवारे जास्त होतात. एकच पुरतो.

५० मिली घेतली नाही. १० मिलीची प्रवासी कुपी घेतली, मिलीच्या हिशेबाने महाग पडली तरी. शंभरएक फवारे आहेत, दिवाळीच्या आसपास संपेल आणि पुढच्या उन्हाळ्याला तापायला काही उरणार नाही. स्टीलच्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आहे. अत्तरदाणी, तुमच्यासाठी सांगते, ताजबागेतून एक अत्तरही आणलं, थेंबभर हातावर घेऊन, रात्र काढून, मगच. ते रविवारी संध्याकाळी लावते.

आणि सायली, तुझी विनंती वहीत तेव्हाच लिहिली होती. आता मी परफ्यूम घरातून निघताना लावत नाही. अंघोळ झाली की लावते, मग पोळ्या करते, डबे भरते, केस विंचरते. लीची सगळी स्वयंपाकघरात संपते. सुभाषनगरला गाडीत चढते तेव्हा पाऊण तास होऊन गेलेला असतो आणि हातावर फक्त गुलाब असतो.


सायलीची_वेल
५ जुलै, सकाळी ८.२०

मी त्याच गाडीने जाते, साडेनऊच्या. कोणत्या डब्यात बसता ते कळवा, शेजारी येऊन बसेन.